वाऱ्याआडची रात्र

ऑक्टोबर ते मे या मोसमात कोकणच्या किनाऱ्यावर दुपारचा वारा बहुधा वायव्येकडून येतो आणि पहाटेचा पूर्वेकडून. दिवसा तापलेली जमीन समुद्रावरची हवा आत ओढून घेते, रात्री निवालेली जमीन ती परत लोटते. खारे वारे आणि मतलई वारे हा धडा शाळेत प्रत्येकाने घोकलेला असतो. शिडाची बोट घेऊन मुंबईहून गोव्याकडे निघालेल्या माणसाला मात्र त्या धड्यावरचं गणित रोज संध्याकाळी नव्याने सोडवावं लागतं, कारण दुपारी चारला जी जागा वाऱ्याआड असते ती पहाटे चारला तशी असेलच याची हमी कोणी देत नाही. मुक्कामाची जागा शोधताना नवखा माणूस त्या घटकेला अंगाला लागणारा वारा पाहतो. जाणता तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, रात्री कोणता वारा सुटेल याचा अंदाज घेतो आणि मग सुकाणू वळवतो. हे पुस्तक त्या अंदाजाबद्दल आहे.

मराठीत समुद्रावर जे लिहिलं गेलं ते मुख्यतः जलदुर्गांबद्दल, आरमाराच्या लढायांबद्दल आणि मासेमारीबद्दल. शिडाच्या नौकानयनाच्या बातम्या अलीकडे यायला लागल्या त्या नौदलामुळे. दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये 'म्हादेई'वरून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये तीच बोट कुठेही न थांबता फिरवून आणली, आणि २०१७-१८ मध्ये 'तारिणी'वरून नौदलाच्या सहा महिला अधिकारी जग हिंडून आल्या. दोन्ही बोटी गोव्यात, दिवाडी बेटावरच्या गोदीत बांधलेल्या. या सफरी थोर खऱ्याच, पण त्यांत रोजच्या रात्री नांगर टाकण्याचा प्रश्न येत नाही. भर समुद्रात खाली काही हजार मीटर पाणी असतं आणि बोट रात्रंदिवस चालत राहते. सुटीत मांडव्याहून दिघीपर्यंत जाऊन येणाऱ्याचं तसं नसतं. त्याला सूर्य मावळायच्या आत कुठल्या तरी खाडीत शिरायचं असतं, स्वयंपाक करायचा असतो आणि निवांत झोपायचंही असतं. धाडस कमी, पण निर्णय जास्त. या दुसऱ्या प्रकारच्या खलाशासाठी मराठीत वाचायला जवळजवळ काही नाही.

विषयाचा नकाशा आधी मांडतो. रात्रीच्या जागेला तीन गोष्टी विचारायच्या असतात: वारा कुठून अडेल, लाट कुठून आत येईल, आणि तळ नांगर धरेल का. यातल्या पहिल्या प्रश्नावर सगळे बोलतात, तिसऱ्यावर थोडे, आणि दुसऱ्याकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं.

वाऱ्याचं म्हणाल तर कोकणच्या किनाऱ्याची ठेवण समजायला सोपी आहे. सह्याद्रीचे फाटे पश्चिमेकडे समुद्रात घुसतात, त्यांची टोकं पाण्यात उभी राहतात, आणि दोन टोकांच्या मधे पुळण किंवा खाडीचं मुख असतं. टोकाच्या दक्षिणेला नांगर टाकला की उत्तर आणि वायव्येचा वारा डोंगर अंगावर घेतो. टोकाच्या उत्तरेला टाकला की नैऋत्येचा. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात जोरदार वारा येतो तो बहुतेक वायव्येचा, फेब्रुवारीनंतर दुपारी तो २० नॉटच्या पुढे सहज जातो, म्हणून मोसमात बरेच जण टोकाच्या दक्षिणेची जागा पकडतात. इथवर ठीक. पण मे महिन्यात किंवा परतीच्या पावसाच्या दिवसांत सह्याद्रीवर ढग चढतात आणि संध्याकाळी त्यांतून पूर्वेचा झंझावात उतरतो. दहा मिनिटं आधी पाणी तेलासारखं सपाट असतं. मग अचानक जमिनीकडून ३५-४० नॉटचा वारा सुटतो आणि बोटीच्या मागे उघडा समुद्र असतो. आणि एखादं चक्रीवादळ किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे सरकत असलं, तर त्याच्या उजव्या अंगाला आपण असतो. वारा आधी आग्नेयेचा, मग दक्षिणेचा, मग नैऋत्येचा होत जातो. मोसमातली सगळ्यांच्या आवडीची दक्षिणतोंडी जागा त्या रात्री सापळा ठरते. एकच जागा एका वाऱ्याला घर आणि दुसऱ्याला कडेलोट असू शकते, म्हणून 'हे बंदर सुरक्षित आहे' हे वाक्य या पुस्तकात एकदाही सापडणार नाही. सापडेल ते 'अमुक वाऱ्याला सुरक्षित' एवढंच.

लाटेची गोष्ट जरा निराळी. वारा डोंगराने अडतो, लाट अडत नाही. ती टोकाला वळसा घालून आत शिरते. लांबून आलेल्या लाटेच्या दोन शिखरांमधलं अंतर जास्त असतं, तळाला स्पर्श होताच तिची दिशा उथळ पाण्याकडे वळते, आणि वाऱ्याच्या पूर्ण आड असलेल्या जागेतही ती बोटीच्या कुशीला येऊन आदळते. बोट वाऱ्याकडे तोंड करून उभी, लाट बाजूने, आणि रात्रभर भांडी या कडेहून त्या कडेला. झोप नाही हे एक वेळ चालतं. पण प्रत्येक हेलकाव्यागणिक साखळीला बसणारा हिसका नांगर हळूहळू सैल करतो. एप्रिल-मे महिन्यांत तर दक्षिण हिंदी महासागरात उठलेली लाट हजारो किलोमीटर चालून आपल्या किनाऱ्यावर पोचते, तेव्हा इथे वाऱ्याचा पत्ताही नसतो. केरळात या प्रकाराला 'कळ्ळक्कडल' म्हणतात आणि हैदराबादची 'इन्कॉइस' ही संस्था त्याचे इशारे देते. वाऱ्याचा अंदाज पाहून निर्धास्त झालेल्या माणसाने हा इशाराही पाहावा, हे सांगण्यासाठीच पुस्तकात लाटेवर स्वतंत्र लेख घेतला आहे.

तळ आणि दोर यांचं गणित शिकवायला सगळ्यात सोपं आणि विसरायलाही. पाण्याची खोली, त्यात बोटीच्या नाळेची, म्हणजे पुढच्या टोकाची, पाण्यावरची उंची, त्यात रात्री चढणारी भरती. या बेरजेच्या किमान पाचपट साखळी, वारा चढणार असेल तर सातपट किंवा जास्त. मुंबईच्या बंदरात उधाणाच्या दिवशी पाणी साडेचार-पाच मीटर चढतं-उतरतं, गोव्यात दोन मीटरच्या आसपास. ओहोटीला पाच मीटर पाणी पाहून मुंबईत नांगर टाकला, एक मीटर नाळेची उंची धरली आणि पाचपट म्हणून तीस मीटर साखळी सोडली, तर भरतीला तीच साखळी तीनपटीच्याही खाली येते. भरती धरून हिशोब केला तर पन्नास-पंचावन्न मीटर लागते. गोव्यात त्याच खोलीला चाळीस मीटर पुरतात. म्हणजे मुंबईला शिकलेला माणूस दक्षिणेला गेला तर फार बिघडत नाही, गोव्याला शिकलेला माणूस मुंबईला आला तर पहाटे भलत्याच ठिकाणी जागा होतो.

आणि वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, हे तर ध्यानात राहतच नाही. अमेरिकेत बोटबांधणीची मानकं ठरवणाऱ्या 'एबीवायसी'च्या तक्त्यात तीस फुटी बोटीच्या नांगरावरचा ताण १५ नॉट वाऱ्याला १७५ पौंड, ३० नॉटला ७०० आणि ४२ नॉटला १४०० पौंड धरला आहे. संध्याकाळच्या झुळकीत न हललेला नांगर रात्रीच्या वाऱ्यात चौपट-आठपट ओढला जाणार आहे, हे त्या तक्त्यात स्पष्ट दिसतं. म्हणून नांगर टाकल्यावर इंजिन उलटं फिरवून तो रुतवून पाहायचा. सगळ्यांना माहीत आहे, आणि थकलेल्या संध्याकाळी निम्मे लोक ते करत नाहीत.

आता एक जागा जवळून पाहू. विजयदुर्ग. उत्तरेकडून येताना दुपारी वारा आणि लाट दोन्ही मागून असतात, बोट धावत असते, आणि किल्ल्याचे बुरूज दिसायला लागले की मुखात वळावंसं वाटतं. इथे घाई करायला हरकत नाही, कारण मुखाशी वाळूचा बांध नाही आणि आत शिरायला पाणी भरपूर आहे. कोकणातल्या फार थोड्या मुखांबद्दल असं म्हणता येतं. किल्ला उजव्या हाताला मागे पडला की पाणी शांत होतं. नवखा माणूस तिथेच नांगर टाकतो, कारण जेट्टी समोर दिसते आणि चहाची सोय असते. पण उघड्या मुखातून वायव्येची लाट तिथवर येते, आणि मासेमारीच्या बोटी पहाटे तीनपासून तिथूनच बाहेर पडतात. थोडं पुढे वाघोटण खाडीत सरकावं. तिथे तळ चिखलाचा आहे. चिखलात नांगर टाकल्या टाकल्या ओढायचा नसतो. साखळी सोडून स्वस्थ बसावं, नांगर आपल्या वजनाने खाली जाऊ द्यावा, मग इंजिन उलटं, आधी हळू, मग जोरात. त्याच वेळी काठावरच्या दोन खुणा एका रेषेत धरायच्या: पुढे एखादा माड आणि मागे मोबाइलचा टॉवर. दोघांमधलं अंतर बदलत नसेल तर नांगराने धरलं. बदलत असेल तर उजेड आहे तोवर उचलून पुन्हा टाकावा. मध्यरात्रीनंतर वारा पडतो, ओहोटी लागते, बोट वाऱ्याऐवजी प्रवाहाला तोंड देते आणि साखळी स्वतःभोवती वळसा घेते. पहाटे खाडीच्या दरीतून गार हवा खाली उतरायला लागते, मतलई सुटते, बोट पुन्हा फिरते. एका रात्रीत तीन दिशा. नांगराभोवती पूर्ण वर्तुळ फिरायला मोकळी जागा हवी, असं का म्हणतात ते इथे कळतं.

बाकीच्या जागांबद्दल इथे फार बोलत नाही, पुस्तक त्यासाठीच आहे. हर्णैचं मासळीचं लिलावबंदर सगळ्यांना ठाऊक, पण वादळाची चाहूल लागली की हर्णैच्या नौका आंजर्ल्याच्या खाडीत किंवा थेट जयगडला जातात, आणि आंजर्ल्याच्या गाळाने भरलेल्या मुखाशी आजवर बऱ्याच नौका गमावल्या आहेत. देवगडचं बंदर चहूबाजूंनी जमिनीने वेढलेलं, म्हणून गुजरातपासून तमिळनाडूपर्यंतच्या मच्छीमारांना ते पाठ असतं. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी वादळात केरळ-तमिळनाडूच्या कितीतरी बोटी तिथे येऊन टेकल्या. मालवणात पाण्याखाली खडकांचं जाळं आहे, आणि शिवाय प्रवाळ. १९८७ पासून तिथे सागरी अभयारण्य आहे. तिथे नांगर टाकण्याआधी तळ वाळूचा आहे की प्रवाळाचा हे पाहणं बोटीसाठीही आणि प्रवाळासाठीही गरजेचं.

हे ज्ञान जुनं आहे. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक खलाशी-पुस्तकात कच्छच्या आखाताबद्दल इशारा आहे: तळ कुठे खोल, कुठे धारदार खडकांचा, आणि नांगराचे दोर त्या खडकांवर घासून तुटतात. भडोचला तर राजाच्या पदरचे कोळी समोर येऊन परदेशी जहाजं आत नेत, कारण तिथली भरती अनोळखी माणसाला झेपण्यातली नव्हती. द्वारकेच्या पाण्यात भोकं पाडलेले दगडी नांगर मोठ्या संख्येने सापडले आहेत. पंधराव्या शतकात अहमद इब्न माजिदने अरबीत हिंदी महासागराची वाटचाल लिहिली, आणि कच्छच्या मालमांनी, म्हणजे नाविकांनी, आपल्या पोथ्या जपल्या. पोर्तुगीज जुआंव द काश्त्रु याने १५३८-३९ मध्ये गोव्याहून दीवला जाताना एकेका खाडीच्या मुखाशी थांबून खोली मोजली, चित्रं काढली. दाभोळ, चौल यांसारख्या बंदरांची इतकी जुनी आणि इतकी काळजीपूर्वक काढलेली चित्रं दुसरी नाहीत असं मी धरून चालतो. पुढे इंग्रजांच्या काळात हॉर्सबर्गची 'इंडिया डायरेक्टरी' आणि ब्रिटिश नौदलाच्या किनारामार्गदर्शिका आल्या, आणि आज हे काम डेहराडूनच्या राष्ट्रीय जलालेखन कार्यालयाकडे आहे.

या सगळ्यात आपली मराठी परंपरा कुठे? फेब्रुवारी १६६५ मध्ये शिवाजी महाराज मालवणहून ८५ लहान आणि ३ मोठी जहाजं घेऊन बसरूरवर गेले. जाताना मागून येणाऱ्या वायव्य वाऱ्याने साथ दिली, परतीला त्याच वाऱ्याने आरमार अडकवून ठेवलं. आजही मार्चमध्ये गोव्याहून मुंबईला शिडावर निघालेल्या माणसाला हीच अडचण येते, आणि म्हणून उत्तरेकडचा प्रवास पहाटेच्या मतलईवर करून दुपारच्या आत नांगर टाकायचा, अशी रीत पडली आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे, आणि त्यात दर्या खवळायच्या आधी जहाजं किल्ल्याच्या आश्रयाच्या बंदरात छावणीला नेण्याचा, दरवर्षी एकाच बंदरात न नेण्याचा विचार आहे. लढाईच्या वर्णनांत रमणाऱ्या वाचकांना हा भाग रुक्ष वाटतो. मला तो त्या प्रकरणातला सगळ्यात खलाशी भाग वाटतो. जागा चुकली तर काय होतं याचं उदाहरणही घरचंच आहे. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांच्या तोफगोळ्याने विजयदुर्गच्या बंदरात एका जहाजाला आग लागली, आणि एकमेकांना बांधून ठेवलेलं तुळाजी आंग्र्यांचं आरमार सगळंच्या सगळं जळालं. जहाजं जवळजवळ बांधण्यामागचा हेतू रक्षणाचाच होता.

लिखित परंपरेच्या शेजारी तोंडी परंपरा चालत आली. रायगडचे कोळी, रत्नागिरीचे खारवी आणि दालदी, सिंधुदुर्गातले गाबीत यांच्याकडे प्रत्येक खाडीचं, प्रत्येक खडपाचं ज्ञान आहे. ते कागदावर कधी उतरलं नाही, कारण त्यांना कागदाची गरज पडली नाही. बापाबरोबर दर्यावर गेलेल्या पोराला ते आपोआप येतं. आता पोरं बोटीवर जात नाहीत, हा वेगळा आणि मोठा विषय आहे.

नांगराबद्दल जगात तीन-चार घराणी आहेत आणि ती एकमेकांशी कडाक्याने भांडतात. जुनं ब्रिटिश घराणं जड नांगर आणि जड साखळी यांवर विसंबतं. साखळीच्या झोळामुळे ओढ आडवी राहते, हिसका मुरतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा आवडता नांगर म्हणजे 'सीक्यूआर', नांगराच्या फाळासारखा, जो जी. आय. टेलर या भौतिकशास्त्रज्ञाने १९३३ मध्ये काढला. अमेरिकन घराणं म्हणतं, जोराच्या वाऱ्यात साखळी तारेसारखी ताणली जाते, झोळ उरतच नाही. मग वजन वाहून काय मिळवलं? त्यांनी डॅनफर्थचा रुंद पात्यांचा हलका नांगर, थोडी साखळी आणि पुढे ताणणारा नायलॉनचा दोर पत्करला. मऊ चिखलात डॅनफर्थ अप्रतिम धरतो, पण वारा फिरला की उखडून पुन्हा रुततोच असं नाही, आणि कोकणात वारा रोज रात्री फिरतो. १९९० नंतर तिसरी पिढी आली: फ्रान्सचा 'स्पेड', न्यूझीलंडचा 'रॉक्ना', ज्यांची टोकं आपोआप खाली वळतात आणि बोट फिरली तर नांगर जागेवरच वळतो. माझा कौल या तिसऱ्या पिढीला आहे, आणि सोबत दहा-बारा मिलिमीटरचा नायलॉनचा दोर साखळीला अडकवून हिसका त्यावर घ्यावा, असं मी प्रत्येकाला सांगतो. संग्रहातले दोन लेखक माझ्याशी सहमत नाहीत. त्यांचे लेख मुद्दाम घेतले आहेत.

जागेबद्दलचीही घराणी आहेत. नॉर्वे-स्वीडनमध्ये आणि दक्षिण अमेरिकेच्या टोकाला पॅटागोनियात नांगर आणि किनाऱ्यावरच्या झाडा-खडकांना दोर, अशी रीत आहे, पॅटागोनियात तर डोंगरावरून वारा खाली कोसळतो म्हणूनच. कॅरिबियनमध्ये वादळाच्या आधी बोटी खारफुटीत खोलवर ढकलून चारी बाजूंनी बांधतात. तिसरं मत असं, की मोठ्या वादळात जमिनीपासून लांब भर समुद्रात जावं. बोट लाटांनी कमी आणि किनाऱ्याने जास्त फुटते. कोकणात हे तिसरं मत थोरांनी आचरावं. बंदरात वादळाचा बावटा चढला की आपल्या खलाशांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत खाडीत जितकं आत जाता येईल तितकं जाण्याची आहे, आणि खारफुटीचा आसरा आपल्याकडेही आहे, जिथे तो अजून तोडलेला नाही.

हे पुस्तक आत्ता का? एक कारण उघड आहे. नौकानयन शिकलेली तरुण माणसं वाढली आहेत, जुन्या शिडाच्या बोटी परदेशातून येतात, मांडव्याला ब्रेकवॉटर झालं, मोबाइलवर पाण्याच्या खोलीचे नकाशे आणि वाऱ्याचे अंदाज येतात. या साधनांचा मी चाहता आहे. पण त्या नकाशातली खाडीच्या आतली खोली कधीची मोजलेली आहे ते पडद्यावर ठळक दिसत नाही. एका पावसाळ्यात मुखाशी वाळूचा दांडा इकडचा तिकडे होतो. मोबाइलवर नांगराचा अलार्म लावून झोपणारे खूप झाले आहेत. अलार्म वाजतो तेव्हा नांगर सुटलेला असतो, हे त्यांना सांगावं लागतं.

दुसरं कारण हवामान. अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची वाढ गेल्या काही दशकांत शास्त्रज्ञांनी नोंदवली आहे, आणि किनाऱ्याने ती भोगली आहे. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान आलं ते मासेमारीच्या भर मोसमात. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर चढलं आणि त्याच दिवशी रत्नागिरीत 'बसरा स्टार' हे तेलवाहू जहाज वाहत येऊन मिऱ्याच्या किनाऱ्यावर रुतलं. पुढची काही वर्षं लोक ते बघायला जात होते. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळात मुंबईपासून दूर तेलक्षेत्रात २६१ माणसं असलेला 'पी-३०५' हा तराफा नांगरावरून सुटला आणि बुडाला. साठाहून जास्त माणसं गेली. गोव्यात 'रिव्हर प्रिन्सेस' हे खनिजवाहू जहाज जून २००० मध्ये कांदोळीच्या किनाऱ्याला लागलं ते बारा वर्षं तिथेच गंजत राहिलं. ही सगळी मोठी जहाजं, त्यांची साखळी माणसाच्या मांडीएवढी. लहान बोटीच्या माणसाने त्यांच्यापासून घ्यायचं ते हे, की साखळी कितीही जाड असली तरी वाऱ्याखालचा किनारा जवळ असेल तर वेळ हाताशी राहत नाही. मोठ्या जहाजाला तरी बातमी होण्याइतकं वजन असतं. लहान बोट सकाळी किनाऱ्यावर फळकुटांच्या रूपात मिळते आणि गावातले लोक ती चुलीला नेतात.

तिसऱ्या कारणाचा उच्चार करताना जरा संकोच वाटतो. खाडीत आता पूर्वीइतकी मोकळी जागा उरलेली नाही. दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ, दिघी-आगरदांडा इथे फेरीबोटी दिवसभर ये-जा करतात, खाडीत डोलीच्या जाळ्यांचे खुंट रोवलेले असतात, आणि वाळू उपसणारे पडाव रात्री दिव्याशिवाय उभे असतात. ज्या पाण्यात आपण हौसेने झोपायला जातो तिथे दुसरा कोणीतरी पोट भरतो आहे. पहाटे चारला मच्छीमाराची वाट अडवून बसलेल्या शौकीन बोटीला दोन शिव्या पडल्या तर त्या रास्त असतात. संध्याकाळी आत शिरताना एखाद्या होडीला हाक मारून 'दादा, इथे टाकला तर चालेल का?' असं विचारण्यात कमीपणा नाही, आणि सोबत जागेची माहितीही फुकट मिळते. तांडेल 'इथे नको, तळाला खडप आहे' म्हणाला तर मोबाइल काहीही दाखवो, पुढे सरकावं.

या पुस्तकाचा आवाका आम्ही मुद्दाम बांधून घेतला आहे. मुंबईपासून मुरगावपर्यंतचा किनारा, ऑक्टोबर ते मे हे महिने, आणि पंचवीस ते चाळीस फुटांच्या शिडाच्या बोटी. पावसाळ्यात अशा बोटी पाण्यात असू नयेत असं आमचं मत आहे, त्यामुळे त्या चार महिन्यांबद्दल बोट बाहेर काढण्यापुरतंच लिहिलं आहे. प्रत्येक जागेचं वर्णन वाऱ्याच्या आठ दिशांनी केलं आहे, आणि त्यात कोणत्या दिशेला वारा फिरला की निघून जावं आणि निघून कुठे जावं हेही दिलं आहे. ज्या खाडीत रात्री बाहेर पडणं शक्य नाही तिथे तसं स्पष्ट लिहिलं आहे. अशा जागा वाईट नसतात, फक्त त्यांत शिरताना रात्रभराचा वारा पत्करून शिरावं लागतं. संग्रहात तांडेलांनी सांगितलेल्या आणि लेखकांनी उतरवून घेतलेल्या नोंदी आहेत, निवृत्त नौदल अधिकाऱ्यांचे लेख आहेत, आणि हौशी बोटवाल्यांची टिपणं आहेत. तिन्हींची भाषा वेगळी आहे. ती एकसारखी करण्याचा प्रयत्न केला नाही, कारण बंदरावर गेल्यावर वाचकाला तिन्ही ऐकाव्या लागतील. खडकांची आणि टोकांची नावं नकाशात एक आणि गावात दुसरी असतात, म्हणून सूचीत दोन्ही दिली आहेत.

बोया, म्हणजे कोणीतरी आधीच टाकून ठेवलेला कायमचा नांगर आणि त्यावरचा तरंगता गोळा, यावर एकच छोटा लेख आहे. मुंबईत गेटवेजवळच्या पाण्यात अशा बोयांना बोटी बांधलेल्या दिसतात. बोयाच्या खाली काय आहे, साखळी किती झिजली आहे, हे पाण्यात उतरून पाहिलेल्या माणसाशी बोलल्याशिवाय जोराच्या वाऱ्यात त्याच्यावर झोपू नये, एवढंच त्या लेखाचं सांगणं.

खोलीचे सगळे आकडे नीचतम ओहोटीचे आहेत. भरती-ओहोटीचं कोष्टक वाचकाने स्वतः जोडून घ्यायचं आहे. खाडीमुखांची रेखाटनं पावसाळा संपल्यावर काढली आहेत, आणि पुढच्या पावसाळ्यानंतर त्यांतली काही चुकीची ठरतील. आंजर्ले, दाभोळ आणि बाणकोट या तीन मुखांबाबत तर खात्रीने. तिथे पहिल्यांदा शिरताना भरती अर्धी चढलेली असावी, म्हणजे बोट टेकली तरी पाणी तिला उचलून देईल.